उभ्या चुलीवरच्या रोट्या

केळझर,
रविवार

प्रिय सरिता,

सप्रेम जय भीम. आम्ही इकडे बरे आहोत. तू तिकडे बरी नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून ते विचारून तुला खोटं बोलायला लावत नाही.

फोन सोडून पत्र काऊन लिहून राह्यली, असं म्हणशील. बाई, फोनवर तुझं काय होतं ते मला पाठ झालं आहे. पायाचा विषय निघाला रे निघाला, की तुझ्या गॅसवरचं दूध उतू जातं. दरवेळी दूधच! तुमच्या समुद्रपुरात एवढं दूध येतं तरी कुठून? पत्राचं बरं असतं. तू ते मध्येच ठेवलंस तरी ते तिथंच पडून राहतं, आणि तुझा स्वभाव मी ओळखते, भाजी निवडता निवडता पुन्हा उचलशीलच. लिहायला बसलं की हातात शाळेतल्या गुरुजींची भाषा येते आणि मध्येच आपली घुसते. चालवून घे.

तर मोठी बातमी आधी सांगून टाकते, माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीतच आहे. मी पुन्हा रोट्या करते. लंबी रोटी, मडक्यावरची, आपली. खुबा बदललेल्या बाईनं, दोन पायांवर उभं राहून. आता हसू नको आणि रडूही नको, पुढं पुष्कळ लिहायचं आहे.

काल माधवीला, म्हणजे आमच्या सूनबाईला, मी आपल्या दोघींच्या गोष्टी सांगत बसले होते. तिला खरंच वाटत नव्हतं की लग्न असो, नामकरण असो, तेरवी असो, सेलूपासून इकडे कुठंही रोट्या म्हटलं की आपल्याच जोडीला बोलावणं यायचं. मी पीठ आपटायचं, हातावर ताणायचं, उलट्या मडक्यावर टाकायचं. तू जाळ बघायचा आणि रोटी उचलायची. लोकांना वाटायचं ताणणारीच मोठी कारागीर. अरे, जाळ चुकला तर ती ताणलेली रोटी काय चाटायची? कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या दोन काड्या तू अशा सरकवायचीस की मला तोंड उघडावं लागत नसे. आणि दोघी अशा उकिडव्या बसायचो, सकाळपासून पंगती उठेपर्यंत, की उठताना एकमेकींचा हात धरूनच उठायचो आणि हसत सुटायचो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. खुब्यातलं हाड झिजून राह्यलं हे कोणाला ठाऊक होतं!

माझ्या दुखण्याची सुरुवात तुला माहीत आहे, समुद्रपूरला जाण्याआधी तूच तर तेल चोळून द्यायचीस. पण फोटो काढला त्या दिवशीचं तुला मी कधी नीट सांगितलं नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, आपल्या पोरींच्या वयाच्या. त्यांनी उजेडासमोर फोटो धरला, डावी बाजू दाखवली, उजवी दाखवली. मला त्यातलं काही समजलं नाही, पण उजवीकडं सगळं एकमेकांत घुसलेलं दिसत होतं. सांधा बदलावा लागेल, म्हणाल्या. मी दुखेल का म्हणून विचारलं नाही, जगेन का म्हणूनही नाही. मी विचारलं, उकिडवं बसता येईल का? त्या म्हणाल्या, नाही. मांडी घालून? नाही. खाली जमिनीवर? शक्यतो नाहीच. आमचे हे, लहानू, शेजारी उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली, जसं काही मी मेलेच.

मग बाईंनी विचारलं, काम काय करता? तोंडानं सांगून त्यांना कळेना. त्या कुठल्या लांबच्या गावच्या, त्यांनी लंबी रोटी पाहिलेली नव्हती. तेव्हा मी लहानूंच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत ताणून दाखवला. नर्सबाई हसायला लागल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे तर हातांचं काम आहे, पायांचं आपण बघू, आधी चालायला शिका. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यावर मी सही केली.

सरे, ऑपरेशनचं मी तुला सांगत नाही. ते झोपेत होऊन जातं, त्यात आपली काही मर्दुमकी नाही. दुसऱ्याच दिवशी उभं करतात, तेव्हा मात्र सात पिढ्या आठवतात. तिथं रुपेश म्हणून व्यायाम शिकवणारा पोरगा होता, एवढा गोड बोलायचा की त्याच्यावर ओरडताही येत नव्हतं. 'मावशी, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनवाला आधी,' हे त्यानं माझ्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. अजून विहाराची पायरी चढताना माझे ओठ हलतात. बायांना वाटतं मी वंदना म्हणून राह्यली.

खरं अवघड ते घरी आल्यावर होतं. दवाखान्यात सगळेच आजारी असतात, तिथं लाज वाटत नाही. घरी आपणच एकट्या आजारी. पलंग आला, संडासाची खुर्ची आली, उंच खुर्ची आली, आणि आयुष्यभर जमिनीवर बसलेली बाई घरातल्या सगळ्यांपेक्षा उंच बसायला लागली. जेवणसुद्धा उंचावर. विहारात सगळ्या बाया खाली सतरंजीवर, आणि मी मागं खुर्चीवर, म्हाताऱ्या पुरुषांच्या ओळीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, बुद्धासमोर आपण असं पाय सोडून कसं बसायचं? मान वर करवेना. वंदना संपली तशी आपली शेवंता आली आणि माझ्या पायाशी बसून तिनं पायच दाबायला घेतले, म्हणाली, तुले खाली येता येत नाई तं आमी येतो वर. मेलीनं रडवलं मला.

पावसाळाभर मी चालले. आधी अंगणात, मग नाल्यापर्यंत, मग गणपतीच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत. चिखल असला की लहानू मागून छत्री आणि काठी दोन्ही घेऊन यायचे, आणि घसरू नको घसरू नको म्हणून इतकं डोकं खायचे की त्यांच्याच बोलण्यानं मी घसरले असते. दुखणं गेलं, हे मला एका सकाळी अचानक कळलं. जुनं दुखणं, ते कुरतडणारं, रात्री कूस बदलू न देणारं, ते नव्हतंच. कधी गेलं ते समजलंच नाही. मी पलंगावर बसून खुब्यावर हात ठेवला आणि एकटीच हसले. आणि त्याच सकाळी दुसरं दुखणं सुरू झालं. आता पाय बरा, हात बरे, मग मी करू काय? भाज्या निवडू? माधवीनं टीव्ही लावून दिला. त्यातल्या सासवा बघून माझं डोकं आणखी उठलं.

दिवाळीनंतर लहानूंनीच विषय काढला. म्हणाले, तू खाली बसू शकत नाई तं चूलच वर आणू ना. एवढ्या वर्षांत या माणसानं एक अक्कलेची गोष्ट केली! आपला तानबा गवंडी आला. मजुरी नको म्हणाला, संक्रांतीनंतर नातवाचं नामकरण आहे, त्याच्या रोट्या तू करून देजो. मी त्याला म्हटलं, अरे, मले जमते का नाई तेच ठाऊक नाई. तो म्हणाला, तं मंग मजुरी बुडाली माझी, असं समजीन. आणि मापाची दोरी काढली.

आता ऐक आमच्या शहाणपणाची गोष्ट. आम्ही तिघांनी मिळून ठरवलं, ओटा कमरेएवढा पाहिजे. गॅसचा ओटा कमरेएवढाच असतो ना? तानबानं विटा रचल्या, माती लिंपली, सुंदर चूल काढली, मागून पुढून जाळाला जागा ठेवली. सुकली. आम्ही पूजा केल्यासारखे भोवती उभे. मग लहानूंनी मडकं आणून चुलीवर उलटं ठेवलं, आणि मडक्याचा ढुंगणाचा भाग आला थेट माझ्या हनुवटीपाशी! मडकं कोणी धरलंच नव्हतं हिशोबात. इतकी वर्षं ते मडकं आपल्या गुडघ्यांमध्ये असायचं, ते एवढं उंच आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तानबा म्हणाला, स्टूल घेऊन वर चढ. नवा खुबा घेऊन मी स्टुलावर चढून रोटी टाकू! तरी माझा हट्ट, एक टाकून पाहते म्हणून टाकली. रोटी गेली मडक्याच्या पलीकडं आणि जाळाची झळ आली माझ्या कपाळावर. भुवया जळल्या, सरे. अर्धी भुवई घेऊन मी महिनाभर गावात फिरले. बाया विचारायच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं ना गं, तोंडाले काय झालं?

ओटा फोडला. दुसऱ्यांदा आधी मडकं ठेवलं, मला समोर उभं केलं, हात पसरायला लावले आणि मग तानबानं मडक्याखालून मोजत मोजत विटा लावल्या. म्हणजे चूल आली गुडघ्याच्या जरा वर, आणि मडक्याचा माथा बरोबर पोटापाशी. जाळ घालणारीला मात्र बुटक्या स्टुलावर बसावं लागतं, तिथं आता माधवी बसते.

तुला वाटेल उंची जमली की झालं. नाही गं. बसून ताणायची रोटी आणि उभं राहून ताणायची रोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बसलेलं असताना अंग एका जागी असतं, फक्त हात फिरतात. उभं राहिलं की पिठाच्या झोल्याबरोबर सगळं अंग जातं. पहिला गोळा ताणला आणि वजन उजव्या पायावर गेलं तशी मी घाबरून थिजले. रोटी लांब लांब होत खाली जमिनीला टेकली. दुसरी फाटली. तिसरी मडक्यावर पडली पण चुरगळून, जसं कोणी ओलं लुगडं फेकलं. पंधरा दिवस शेजारच्या बकऱ्या माझ्या रोट्या खाऊन गुबगुबीत झाल्या. एका संध्याकाळी मी पीठ परातीत तसंच टाकून आत जाऊन पडले. लहानूंना म्हटलं, तानबाले मजुरी देऊन टाका, माझं होत नाई. त्यांनी जाऊन ते पीठ झाकून ठेवलं, एवढंच.

सकाळी ते झाकलेलं पीठ बघितलं. रात्रभर मुरलं होतं, बोट लावलं की तार निघत होती. असं पीठ फेकायचं म्हणजे पाप. मी चूल पेटवायला लावली, आणि या खेपेला पाय जोडून नाही, रुपेशनं शिकवलं तसे एक पुढं एक मागं ठेवून उभी राहिले. वजन पुढून मागं, मागून पुढं. त्या सकाळी एक रोटी नीट पडली. एकच. मी माधवीकडं पाहिलं, माधवीनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नादात ती रोटी जळली.

नामकरणासाठी तानबानं आपल्या अंगणात त्याच मापाची दुसरी चूल घातली होती, आणि त्या दिवशी अर्धं गाव माझ्या मागं उभं. रोट्या बघायला नाही, मी पडते का ते बघायला. लहानू तर खुर्ची हातात धरूनच उभे, मी जरा हलले की खुर्ची मागं सरकवायचे. शेवटी मी ओरडले, व्हा ना तिकडं, खुर्चीवर रोटी टाकू का? पहिली रोटी फाटली. पहिली रोटी जाळवालीची हा आपला नियम, म्हणून फाटकीच माधवीच्या हातात दिली. पुढं चालायला लागले गं हात. हात विसरले नव्हते. मध्येच सांडलेल्या पाण्यावरून उजवा पाय सर्रकन सरकला आणि सगळ्या बाया एकदम किंचाळल्या. मला आता हाड मोडल्याचा आवाज ऐकू येणार असं वाटलं. पण पाय थांबला. मी उभीच होते, दोन हातांवर ताणलेली रोटी तशीच. ती टाकली मडक्यावर, आणि मग मागं न बघताच बसले. तेव्हा मात्र खुर्ची कामाला आली.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पूर्वीसारखं नाही ते. अर्ध्या पंगतीपर्यंतच्या रोट्या माझ्या, पुढच्या माधवीच्या, त्या वाकड्यातिकड्या, तरी लोकांनी खाल्ल्या. थोडं काम, थोडं बसणं, असं चालतं. पिठाची परात आणि मडकं मी उचलत नाही, पऱ्हाटीचा भारा उचलत नाही. खाली पडलेली वस्तू चिमट्यानं उचलते, नातू मला खेकडा म्हणतो. मांडी घालायची हौस मनात राहिली ती राहिलीच. पण रात्री झोप लागते, सरिता. कितीतरी वर्षांनी मी सकाळपर्यंत झोपते, आणि उठल्यावर कोणाचा हात धरावा लागत नाही.

आता हे सगळं एवढं पाल्हाळ लावून तुला काऊन सांगितलं ते ऐक, आणि या जागी दूध उतू जाऊ देऊ नको. बुधवारी तुझा लेक अनुप येऊन गेला. चहा घेतला, रोटी खाल्ली, आणि मग पोरगं एवढं रडलं की माधवी घाबरून बाहेर आली. त्यानं मला सगळं सांगितलं. मागच्या साली गिरडला टेकडीवर सगळे गेले आणि तू खाली दुकानात बसून राहिलीस ते. रात्री तू तोंडात पदर धरून झोपतेस ते. आणि तुझ्याही खुब्याच्या ऑपरेशनची तारीख मिळून, भरती होऊन, सकाळी नर्स न्यायला आली तर पलंग रिकामा, आणि तू हाताला दवाखान्याचा पट्टा तसाच ठेवून एस.टी.नं घरी. त्यानं विचारलं काऊन पळून आली, तर तू म्हणालीस, जिजाचं पाह्यलं ना म्या, मले तसं जगायचं नाई. ते ऐकून मला काय झालं ते लिहिता येत नाही. तू आली होतीस, मला माहीत आहे. मी घरी येऊन आठवडाही झाला नसेल, माधवी माझं अंग पुसून देत होती, आणि मी ताट भिरकावलं होतं, हा पाय तोडून फेका, मले कायले वाचवलं, म्हणून बोंबलत होते. दारात तुझी सावली दिसली. तू संत्र्यांची पिशवी ठेवलीस आणि गेलीस, नंतर आली नाहीस. मी मनात तुला पुष्कळ शिव्या दिल्या. मला वाटलं तुला माझी किळस आली. तू भ्यालीस हे मला कळलंच नाही. सरे, तू पाहिलीस ती मीच होते, नाही म्हणत नाही. पण तू तेवढ्यावरच निघून गेलीस, पुढची जिजा तू पाहिलीच नाहीस. तू डॉक्टरचं ऐकू नको, अनुपचं ऐकू नको, माझंही ऐकू नको. पण माझ्याकडं बोट दाखवून नाही म्हणायचं असेल तर एकदा येऊन मला आजची पाहून जाजो, मंग ठरवजो. आणि ठरवलंस तर दवाखान्यात मी तुझ्याजवळ राहीन, लहानूंना सांगून ठेवलं आहे. वाईट दिवस तुलाही येतील. तू रडशील, ताट फेकशील, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करशील. कर. मी उठून जाणार नाही.

तुझीच,
जिजा